पुतळा संस्थापकाचा, शाळा मुख्याध्यापिकेची



पापळ हे गाव आपल्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. २७ डिसेंबर १८९८ ला तिथं एका शेतकऱ्याच्या घरी पंजाबराव देशमुख जन्मले. पहिली अक्षरं त्यांनी गावातच गिरवली. पुढं शिकायचं म्हणून गाव सोडावं लागलं. चांदूर रेल्वे झालं, कारंजा झालं, अमरावती, पुणे झालं आणि शेवटी विलायत. वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले, बॅरिस्टरही झाले आणि परत आले ते थेट आपल्या वऱ्हाडात. १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष, १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज आपल्या भागातल्या कितीतरी मुलींच्या दाखल्यावर त्याच संस्थेच्या शाळेचा शिक्का असतो.

दरवर्षी २७ डिसेंबरला भाऊसाहेबांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात, आणि ती व्हायलाच पाहिजेत. पण संस्था काढणं वेगळं आणि शाळा चालवणं वेगळं. सकाळी कुलूप उघडणं, मास्तर आला नाही तर त्याचा वर्ग दुसऱ्यावर टाकणं, आठ दिवस न आलेल्या पोरीच्या घरी जाऊन विचारणं, पैशाचा हिशोब लिहिणं, साहेब आले की उत्तरं देणं, ही कामं ज्याच्या माथी असतात त्याला आपण हेडमास्तर म्हणतो, कागदावर मुख्याध्यापक लिहितो. वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत पोरगी ठेवलेल्या बायांना अधीक्षिका मॅडमही ठाऊक आहेत. संस्थापकाचा पुतळा होतो. या माणसांचा फार तर ऑफिसातल्या कपाटावर एक फोटो असतो, तोही निवृत्तीच्या दिवशीच्या शालीतला.

गेल्या महिन्यात आमच्या गटांच्या बैठकीत हाच विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "शाया कोन काढली ते सांगतात, चालवली कोनं ते काऊन सांगत नाईत?" प्रश्न चांगला होता. आम्ही पुस्तकं काढली, वाचलं, एकमेकींना सांगितलं. त्यातलंच आज सांगतो आहोत. सगळ्याच मुख्याध्यापकांचं नाही सांगत, बायांचंच सांगतो, कारण ऐकणाऱ्या तुम्ही आहात.

सुरुवात सावित्रीबाईंपासून करावी लागते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, वाटेत सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं, त्या जास्तीचं लुगडं सोबत नेत. ही गोष्ट आपल्या पोरी ३ जानेवारीला भाषणात सांगतात. आमचं एक गाऱ्हाणं आहे. गोष्ट शेणापाशीच थांबते. लुगडं बदलल्यावर शाळेत आत गेल्यावर ती बाई काय करत होती, ते कुणी सांगत नाही.

आत काय चाललं होतं ते कळायला १८५१ चं साल बघावं. त्या वर्षी ३ जुलैला बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुली आल्या ८. थोड्याच दिवसांत त्या ४८ झाल्या. मुख्याध्यापिका होत्या सावित्रीबाई, आणि पगार घेत नव्हत्या. हाताखाली विष्णुपंत मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर हे दोघं पुरुष शिक्षक होते. वीस वर्षांच्या, शूद्र म्हटल्या जाणाऱ्या जातीतल्या बाईच्या हाताखाली दोन पुरुष शिक्षक, तेही पेशवाई जाऊन तेहेतीस वर्षंच झालेल्या पुण्यात. आज एखाद्या शाळेत बाई मुख्याध्यापक झाल्या की, "यायचं कोन ऐकते आता" असं पारावर बोलणारे आहेत. १८५१ मध्ये काय बोलले असतील, ते आम्हाला पुस्तकात शोधायची गरज वाटली नाही.

८ च्या ४८ होणं आपोआप होत नाही. आपल्यापैकी ज्यांनी बचत गट उभा केला त्यांना हे चांगलं कळतं. पहिल्या बैठकीला १० जणी येतात, दुसरीला ६, आणि तिसरीला आपण एकट्याच चटई टाकून बसलेल्या असतो. घरोघर जावं लागतं. सासूशी बोलावं लागतं, नवऱ्याशी बोलावं लागतं. मुलींच्या शाळेचं तेव्हा तेच होतं, उलट जास्त अवघड होतं. शिकलेली बाई विधवा होते, असं लोक उघड म्हणत. मुली वाढल्या याचा अर्थ कुणीतरी घराघरांतून बोलत होतं आणि आलेली मुलगी टिकेल असं शिकवत होतं. सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही झालेलं होतं. अहमदनगरला मिस फॅरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्या शिकल्या होत्या. नुसत्या हिमतीवर त्या उभ्या नव्हत्या, कामाची तयारी करून उभ्या होत्या. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण बाईचं कौतुक करताना लोक तिचा त्याग सांगतात आणि तिचं कसब गाळतात.

पुढं १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचं कमिशन नेमलं. त्याच्यापुढं जोतिरावांनी निवेदन दिलं. त्यात खेड्यातल्या मास्तराबद्दल जे म्हटलं आहे ते आपल्या शेतकरी बायांनी ऐकावं असं आहे. मास्तर शक्यतो शेतकरी समाजातला असावा, लोकांत मोकळेपणी मिसळणारा असावा, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणारा नसावा. त्याला प्रशिक्षण मिळालेलं असावं. त्याला १२ रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नये, मोठ्या गावात तर १५ ते २० द्यावा. शाळेचा प्रमुख गावाचा असला पाहिजे आणि पोटभर पगाराचा असला पाहिजे, या दोन्ही गोष्टी जोतिरावांनी एकाच दमात मांडल्या. आपण आजही मास्तर गावात राहत नाही म्हणून तक्रार करतो. दुसरी अर्धी गोष्ट मात्र विसरतो, की मास्तराला जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, असं सगळं देऊन शाळेबाहेर आपणच काढतो.

त्याच कमिशनपुढं पंडिता रमाबाई बोलल्या. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. मुलींच्या शाळांना शिकलेल्या शिक्षिका द्या, आणि शाळा तपासायलाही बायाच नेमा, ही त्यांची मागणी होती. पुरुष तपासनीस शिक्षिकेची राईएवढी चूक पर्वताएवढी करून दाखवतात आणि तिच्या चारित्र्याबद्दल बोलायलाही कमी करत नाहीत, असं त्यांनी सरकारी कमिशनला तोंडावर सांगितलं. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही कामाला गेलेल्या बाईला यातलं काय खरं ते समजावून सांगावं लागत नाही.

आता अधीक्षिकेकडे येऊ. हा शब्द रुक्ष आहे. सुपरिटेंडेंट म्हटलं तर आणखी रुक्ष. पण पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट वाचल्यापासून आमच्या गटात तो शब्द कुणी रुक्ष म्हणत नाही.

पार्वतीबाई १८७० मध्ये कोकणात देवरुखला जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा, पदरात एक मुलगा. केस काढलेले, अंगावर लाल अलवण. अक्षरओळख जवळजवळ नाहीच. त्यांची बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेली, तीही बालविधवा. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. अशा घरी पार्वतीबाई मुलाला घेऊन शिकायला आल्या. वय पंचविशीच्या पुढचं. आपल्यातल्या ज्या बाया साक्षरता वर्गात चाळिशीत पहिल्यांदा सही करायला शिकल्या, त्यांनी स्वतःला त्यांच्या जागी बसवून बघावं.

कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं. १९०० मध्ये प्लेगमुळं तो पुण्याबाहेर हिंगण्याला न्यावा लागला. गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा दिली, झोपडीसाठी ७५० रुपये दिले. चहूकडं रान. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि काम संपलं की पायी हिंगण्याला यायचे. पण रात्रंदिवस त्या रानात राहणाऱ्या विधवा मुलींचं काय? कुणाला ताप आला, कुणी रडून जेवत नाही, कुणाचा दीर न्यायला आला, धान्य संपत आलं. हे सगळं बघायला मुलींसोबत राहणारी बाई लागते. वेणूबाई नामजोशी आणि पार्वतीबाई आठवले या त्या आश्रमाच्या सुरुवातीच्या बाया. पार्वतीबाई पुढं आश्रमाच्या लेडी सुपरिटेंडेंट झाल्या. म्हणजे संस्था कर्व्यांची, पण मुलींनी रोज ज्यांचा चेहरा बघायचा त्या पार्वतीबाई.

आश्रमाला पैसा नव्हता, म्हणून त्या गावोगाव फिरून वर्गणी मागत. डोक्यावरून पदर घेतलेली केशवपन केलेली विधवा सभेत उभी राहून बोलते आहे, हे लोकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. लोक ऐकायचे आणि पैसेही द्यायचे, कारण जुन्या वळणाच्या घरातल्या बाया त्यांना आपलीच समजायच्या. मग १९१२ मध्ये त्यांनी केशवपन थांबवलं, केस वाढवले. जवळच्या लोकांनीही त्यावर नावं ठेवली. आम्हाला इथं त्यांचा निर्णय फार मोठा वाटतो. ज्या वेशामुळं आपल्याला वर्गणी मिळते तोच वेश टाकायचा, आणि तरी दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन बाहेर पडायचं.

याहून नवल पुढं आहे. इंग्रजी येत नाही ही खंत त्यांना होती. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. ओळखपाळख नाही, भाषा नाही. लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भांडी घासली, भाषा शिकल्या, आणि आश्रमासाठी पैसे जमवून १९२० मध्ये परत आल्या. ज्या बाईनं शाळेत अधीक्षिका म्हणून हुकूम सोडायचे तिनं परदेशात मोलकरीण व्हावं, यात तिला कमीपणा वाटला नाही. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ मध्ये निघालं. ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा, फार जाड नाही.

आपल्या विदर्भातलं एक नाव यापुढं घ्यायलाच हवं. जाईबाई चौधरी. १८९२ मध्ये उमरेडला जन्म, दलित घर, गरिबी अशी की कामठी स्टेशनवर त्या सामान वाहायच्या. तिथं एका मिशनरी बाईशी ओळख झाली, आणि महिना ४ रुपयांवर मिशनच्या शाळेत शिकवायची नोकरी लागली. शिक्षिका अस्पृश्य आहे असं कळल्यावर सवर्ण पालकांनी मुलं काढून घ्यायला सुरुवात केली आणि जाईबाईंची नोकरी गेली. परत ओझी वाहणं आलं. पण १९२० नंतरच्या दोन-चार वर्षांतच त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली. ज्यांना शाळेतून बाहेर काढलं त्यांनी स्वतःच शाळा काढावी. सावित्रीबाईंचं नाव घेतो तसं हे नाव आपल्या भाषणांत यायला पाहिजे, निदान विदर्भात तरी.

त्याच १८९२ सालात, १९ एप्रिलला, मुंबईत ताराबाई केळकर जन्मल्या. वडील प्रार्थना समाजातले, सुधारक. १९१४ मध्ये ताराबाई बी.ए. झाल्या. तेव्हा बी.ए. झालेली बाई म्हणजे गावात बघायला यावं अशी गोष्ट. (आमच्यातल्या दोघी-तिघी बी.ए. आहेत, आम्हाला बघायला कुणी येत नाही.) १९१५ मध्ये त्यांचं लग्न अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालं, आणि त्या ताराबाई मोडक होऊन आपल्या अमरावतीत राहायला आल्या. पाच-सहा वर्षं त्या इथं होत्या. १९२० मध्ये मुलगी झाली. संसार मात्र टिकला नाही, आणि १९२१ मध्ये लहान मुलीला घेऊन त्यांनी अमरावती सोडली.

एकटी बाई, कडेवर मूल. ती राजकोटला गेली ती शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजची प्रिन्सिपॉल म्हणून. त्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय बाई. पगार चांगला, बंगला, मान. दुसरी कुणी असती तर निवृत्तीपर्यंत तिथून हलली नसती, आणि खरं सांगतो, आम्हीही हललो नसतो. पण ताराबाईंना भावनगरच्या गिजुभाई बधेका यांचं लहान मुलांच्या शिक्षणाचं काम कळलं, आणि १९२३ मध्ये प्रिन्सिपॉलची नोकरी सोडून त्या बालमंदिरात काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये मुंबईला दादरमध्ये शिशुविहार सुरू झालं.

शहरातली शिशुशाळा नावारूपाला आली तरी ताराबाईंचं समाधान झालं नाही. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. बोर्डीत बालवाडी तर काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. आईबाप मजुरीला, मोठी पोरं धाकट्यांना सांभाळणार, मग शाळेत पाठवणार कोण? मुलं येत नाहीत म्हणून हजेरीत शून्य लिहून बसणारे मुख्याध्यापक आपण पाहिलेत. या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी, मग मोजणी. महागडं साहित्य नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन शिकवलं. अंगणात भरते ती अंगणवाडी. मैत्रिणींनो, आपल्या गावात सेविका ताई ज्या अंगणवाडीत खाऊ देतात आणि वजन घेतात, तिचा शब्द या प्रयोगातून आला. सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा हे नाव देशभर गेलं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी मुलांचा दिवस गुरांमागं जायचा. मग त्यांच्यासाठी कुरणशाळा सुरू केली. गुरं चरतात तिथंच शाळा. वेळ, जागा, पुस्तक सगळं मुलाच्या दिवसाला जुळवून घेतलं. आपल्याकडं सोयाबीन सोंगायला आणि कापूस वेचायला लागला की शाळेतल्या वरच्या वर्गांत पोरी दिसत नाहीत. शाळेच्या वेळापत्रकाला मात्र कापसाचा हंगाम माहीत नसतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. शाळा बंद पडली नाही. अनुताईंनी ती १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटापर्यंत, सांभाळली. आपल्यामागं कोण, याची तयारी ताराबाईंनी आपल्या हयातीतच करून ठेवली होती. कितीतरी संस्थांत पुढचा माणूसच तयार झालेला नसतो आणि मग भांडणं कोर्टात जातात.

आता आजचं सांगतो आणि थांबतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुख्याध्यापकाचं पद पटावर ठरतं. पहिली ते पाचवीत १५० च्या वर मुलं असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक, सहावी ते आठवीत १०० च्या वर. आपल्या खेड्यातल्या शाळांचा पट बघा. बहुतेक ठिकाणी दोन शिक्षक आणि त्यातल्याच एकाकडं 'प्रभार'. तेच चौथीला शिकवणार, तेच पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेणार, तेच ऑनलाइन माहिती भरणार. त्यातल्या काही बाई आहेत. त्यांच्या घरी लेकरं आहेत, आणि अमरावतीहून येणारी बस आहे. ज्या प्रभारी बाईंना आपण उशिरा येतात म्हणून नावं ठेवतो त्यांच्याकडं तीन माणसांचं काम आहे, हेही बोलताना ध्यानात घ्यावं. उशीर झाला तर विचारावंही. दोन्ही.

कायद्यानं आपल्या हातातही काही दिलेलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चार सदस्यांपैकी तीन पालक असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. अध्यक्ष पालकांमधला, सचिव मुख्याध्यापक. शाळेच्या विकासाचा आराखडा याच समितीनं करायचा, मिळालेल्या पैशाच्या खर्चावर लक्षही हिनंच ठेवायचं. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी या समित्यांवर आहेत. काहींच्या गटाकडं शाळेची खिचडीही आहे. खिचडी करणाऱ्या ताईला मीठ किती, डाळ किती, तेल किती हे तोंडपाठ असतं, आणि समितीच्या बैठकीत मात्र ती भिंतीला टेकून बसते, वही पुढं आली की सही करते. काही ठिकाणी वही घरी येते, बैठक तर होतच नाही.

म्हणून आमच्या ग्रामसंघात ठरलं आहे की दर महिन्याच्या बैठकीत आधी बचतीचा हिशोब, आणि त्यानंतर शाळा समितीचं मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं. पहिल्या वेळी वाचलं ते सातवीतल्या एका मुलीनं. तिच्या आईच्या त्या वहीत सहा सह्या होत्या. ठरावात काय लिहिलं होतं ते आईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तिनं पोरीला तिथंच थांबवून विचारलं, "पाण्याची टाकी दुरुस्त झाली असं लेयलं हाय का त्याच्यात?"